रंग चढलेल्या मॉर्गन डॉलरची प्रत कशी ठरवावी

चांदीच्या जुन्या डॉलरवर मोरपिसाचे रंग उमटलेले दिसले की नजर तिथेच खिळते, आणि प्रत ठरवताना सर्वाधिक चुका होतात त्याही तिथेच. रंग नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरचे ओरखडे झाकतो, त्याच्या झिजलेल्या केसांवर पांघरूण घालतो आणि कधीकाळी घासलेलं नाणं अस्पर्श भासवतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच शिस्त आहे. आधी रंगाखालचा धातू तपासायचा, त्याला आकडा द्यायचा आणि तो कागदावर लिहून ठेवायचा. रंगाचा विचार त्यानंतर, वेगळा. हा क्रम उलटला की १ ते ७० च्या मोजपट्टीवर ६३ च्या नाण्याला ६५ ची किंमत मोजली जाते.

उदाहरण म्हणून अमेरिकेचा मॉर्गन डॉलर घेतला आहे, कारण बाजारात दिसणारे सुंदर रंगाचे बहुतेक डॉलर मॉर्गनच असतात. त्यानंतरचा पीस डॉलर क्वचितच असा खुलतो.

नाणं आणि त्याची पिशवी

मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. (२०२१ पासून निघालेली नवी आवृत्ती या लेखाचा विषय नाही.) टांकसाळीचं चिन्ह मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या गाठीखाली असतं: न्यू ऑर्लिन्ससाठी ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोसाठी ‘एस’, कार्सन सिटीसाठी ‘सीसी’, १९२१ च्या डेन्व्हरसाठी ‘डी’. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर चिन्हच नसतं.

१८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्यामुळे सरकारला दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन नाणी पाडावी लागत होती. लोकांना इतकी जड नाणी नको होती. मग ती हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत भरून तिजोऱ्यांत रचली गेली आणि दशकानुदशकं तशीच पडून राहिली. या पिशवीनेच मॉर्गन डॉलरचे गुण आणि दोष दोन्ही घडवले. हजार नाण्यांची पिशवी जवळजवळ २७ किलोची होते. ती उचलली, आपटली, एकीवर एक रचली की आतली नाणी एकमेकांवर घासतात, टोचतात. मिंट स्टेट, म्हणजे कधीच न वापरलेल्या मॉर्गनवरच्या खुणा बहुतेक अशाच आलेल्या असतात. दुसरीकडे, कापडातल्या गंधकयुक्त अंशामुळे कापडाला चिकटून राहिलेल्या नाण्यांवर रंग चढला. पिशवीच्या मधोमध असलेली नाणी पांढरीच राहिली.

या साठ्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात रुपये पाडण्यासाठी विकत घेतली. घरात पूजेला ठेवलेल्या पंचम जॉर्जच्या त्या काळच्या रुपयात एखाद्या मॉर्गनची चांदी असू शकते.

रंग म्हणजे काय आणि तो कोणत्या क्रमाने येतो

हवेतल्या किंवा कापड-कागदातल्या गंधकाची चांदीशी प्रक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा तयार होतो. तो केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका पातळ असतो. पापुद्र्याच्या वरून परतणारा प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग मरतात, काही उजळतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग याच कारणाने दिसतात. म्हणजे नाण्यावर रंगद्रव्य असं काही नसतं. दिसतो तो पापुद्र्याच्या जाडीचा नकाशा.

जाडी वाढत जाते तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस विटकरी, जांभळट किरमिजी, गडद निळा. त्यानंतर दुसरी फेरी: फिकट आकाशी, लिंबासारखा पिवळा, नारिंगी, झगझगीत किरमिजी, हिरवट निळा आणि मग हिरवा. पुढे रंग गढूळ होत तपकिरी, राखाडी आणि शेवटी काळा होतो. हा क्रम पाठ करा. खरा रंग आणि चढवलेला रंग ओळखायला याच्याइतकं उपयोगी दुसरं साधन नाही, आणि ते फुकट आहे.

बैठक आणि प्रकाश

खोलीतला ट्यूबलाइट बंद करा. पसरलेल्या पांढऱ्या उजेडात झळाळी मरते आणि बारीक रेघा दिसत नाहीत. एका ठिकाणाहून येणारा प्रकाश हवा: टेबलावरच्या दिव्यात ७५ ते १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, हॅलोजन, किंवा तेवढाच उजेड देणारा उबदार रंगाचा, दुधी आवरण नसलेला एलईडी. दिवा नाण्यापासून फूट-दीड फुटावर ठेवा. भिंग ५ ते ७ पटीचं पुरेसं आहे. दहा पटीचं भिंग संशयित जागा तपासायला ठेवा. त्यातून आकडा ठरवायला बसलात तर प्रत्येक नाणं ६२ चंच वाटेल.

खाली जाड मऊ कापड अंथरा, नाणं फक्त कडेने धरा. त्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा सूक्ष्म थेंबही काही महिन्यांनी काळा ठिपका होऊन उमटतो.

सुटं, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये नसलेलं नाणं असेल तर आधी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करा. २६.७ च्या आसपास भरलं पाहिजे. न वापरलेलं दिसणारं नाणं २६.५ च्या खाली गेलं तर थांबा. चुंबकाला चिकटता कामा नये. खोटे मॉर्गन मुबलक आहेत आणि खोटेपणा झाकायला त्यांच्यावरही रंग चढवलेला असतो. अंक आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोलसर, पृष्ठभागावर बारीक फुगवटे किंवा खड्डे, कडेवरच्या दात्यांत असमानता दिसली तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

पहिला प्रश्न: नाणं वापरलेलं आहे का?

शेल्डनची मोजपट्टी १ ते ७० ची आहे. ६० ते ७० म्हणजे मिंट स्टेट, वापराची झीज नसलेलं. ५० ते ५८ म्हणजे जेमतेम वापरलेलं. ५८ आणि ६२ यांत डोळ्यांना दिसणारा फरक कधी कधी ५८ च्या बाजूने असतो, म्हणजे कमी खुणांचं, देखणं, पण किंचित झिजलेलं. रंग असला की हीच सीमा पुसट होते.

झीज आधी उंचवट्यांवर येते. पुढच्या बाजूला कपाळावरचे आणि कानावरचे केस, टोपीची वरची घडी, कापसाच्या बोंडांच्या आणि पानांच्या कडा. मागच्या बाजूला गरुडाची छाती, पंखांच्या वरच्या कडा आणि नख्या. या जागा दिव्याखाली तिरक्या धरून बघा. नाणं हळूहळू फिरवताना झळाळीचा पट्टा गालावरून, केसांवरून अखंड सरकत गेला तर झीज नाही. उंचवट्यावर येताच पट्टा तुटला आणि तिथे मंद, राखाडी, गुळगुळीत डाग दिसला तर झीज आहे.

रंगीत नाण्यात आणखी एक खूण सापडते. रंग चढल्यानंतर नाणं हाताळलं गेलं असेल तर उंचवट्यांवर रंग घासून गेलेला असतो आणि तिथे पांढरट किंवा करडा धातू उघडा पडतो. याउलट आधी झिजून मग रंगलेल्या नाण्यात उंचवट्यावरही रंग असतो, पण तो निस्तेज. अशा वेळी रंगाकडे दुर्लक्ष करून फक्त चमक सरकते की नाही एवढंच पाहा.

एक फसगत इथे नेहमी होते. न्यू ऑर्लिन्सच्या बऱ्याच डॉलरवर ठसा कमी दाबाने पडलेला असतो, त्यामुळे कानावरचे केस आणि गरुडाची छाती सपाट दिसते. ही झीज नव्हे. ठसा कमजोर असेल तर सपाट भागात मूळ चकतीचा खडबडीतपणा, चकती तयार करतानाच्या समांतर रेघा किंवा बारीक टोचे शिल्लक असतात आणि चमकही असते. झीज असेल तर तो भाग गुळगुळीत आणि मेलेला असतो.

झळाळी

नाणं पाडताना धातू ठशाच्या मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. त्यांच्यामुळे नाणं फिरवताना गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे उजेडाचे पट्टे फिरतात. मॉर्गनच्या प्रतीत या चक्राला फार मान आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या १८७९ ते १८८२ च्या नाण्यांत ते भरघोस असतं.

चांगला रंग झळाळीच्या वर बसत नाही, तिच्यात मुरलेला वाटतो. नाणं फिरवलं की रंगाच्या आतून पट्टा फिरतो. पापुद्रा जाड झाला की हे चक्र अडखळतं. तपकिरी-काळ्या थरातून ते दिसेनासं होतं, आणि अशा नाण्याला ६५ च्या वर नेणं बरोबर नाही, खाली कितीही स्वच्छ धातू असल्याचा भास होत असला तरी. जे दिसत नाही त्याला गुण देता येत नाहीत. रंग फार जुना, जाड आणि गढूळ झाला की पृष्ठभाग किंचित खातही जातो. मग रंग काढला तरी खाली मंद, दाणेदार चांदीच सापडते.

रासायनिक द्रावणात बुडवून पांढरं केलेलं आणि पुन्हा रंगलेलं नाणं याच पायरीवर पकडलं जातं. वारंवार बुडवल्याने त्या सूक्ष्म रेषा विरघळतात. रंग छान दिसतो, पण फिरवताना खालून काहीच हलत नाही.

आरशासारख्या पृष्ठभागाच्या नाण्यांचा हिशोब वेगळा. नाण्यासमोर छापील अक्षरं धरून प्रतिबिंब किती अंतरापर्यंत स्पष्ट वाचता येतं ते बघतात: २ ते ४ इंच म्हणजे प्रूफलाइक, ६ इंच किंवा अधिक म्हणजे डीप मिरर प्रूफलाइक. रंग हे अंतर कमी करतो. शिवाय आरशावर प्रत्येक रेघ दुप्पट उठून दिसते, म्हणून अशा नाण्याशी थोडं सौम्य व्हावं लागतं.

खुणा मोजणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक बाजूकडे तीन प्रकारे बघायचं आहे.

प्रथम दिव्याचा प्रकाश नाण्यावरून थेट डोळ्यात परतेल असं धरा. या कोनात रंग सर्वांत भडक दिसतात आणि खुणा सर्वांत कमी. विक्रेत्याचा फोटो बहुधा याच कोनातला असतो. मग नाणं तिरकं करत जा, प्रकाश जवळजवळ पृष्ठभागाला समांतर येईपर्यंत. एका टप्प्यावर रंग विझतो आणि नाणं करडं दिसू लागतं. तो क्षण पकडा. खुणांच्या कडा आता उजळतात, कारण त्या खोलगट आहेत आणि त्यांना रंगाशी देणंघेणं नाही. नाणं पूर्ण एक फेरा फिरवा. एका दिशेची रेघ फक्त एकाच कोनात दिसते, म्हणून अर्ध्या फेऱ्यावर थांबू नका. शेवटी खिडकीच्या मऊ उजेडात एकदा बघा. दिव्यात न जाणवलेले डाग, बोटांचे ठसे आणि धुरकट चट्टे तिथे दिसतात.

खुणा सगळ्या सारख्या मोजायच्या नाहीत. पुढच्या बाजूचं वजन मागच्या बाजूपेक्षा स्पष्ट जास्त आहे. त्यातही लिबर्टीचा, म्हणजे पुढच्या बाजूवरच्या स्त्रीमुखाचा गाल सर्वांत महत्त्वाचा: मोठा, उंच, उघडा, नजर आधी तिथेच जाते. त्यानंतर चेहऱ्यासमोरची मोकळी जागा, मग मान, मग टोपी आणि मागची मोकळी जागा. केसांच्या गुंत्यात बऱ्यापैकी मोठी खूणही लपून जाते आणि तिची शिक्षा कमी होते. मागच्या बाजूला गरुडाची छाती आणि पंखांच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा बघा. मागची बाजू साधारणपणे पुढच्या बाजूचा आकडा खाली ओढू शकते, वर नेऊ शकत नाही.

कामापुरते ठोकताळे असे. ६० ते ६२: गालावर आणि समोरच्या जागेत मोठ्या, खोल खुणांची गर्दी, हातभर अंतरावरूनही जाणवणारी. ६३: खुणा बऱ्याच, काही ठळक, पण गाल अगदी फाटलेला नाही. ६४: पहिल्या नजरेत नाणं चांगलं वाटतं, मग गालावर दोन-चार हलक्या खुणा किंवा एक मध्यम खूण सापडते. ६५: नुसत्या डोळ्यांना गाल जवळजवळ स्वच्छ, खुणा लहान आणि विखुरलेल्या, झळाळी पूर्ण. ६६: खुणा शोधाव्या लागतात. ६७: भिंगाखालीही मोजक्याच, आणि महत्त्वाच्या जागी एकही नाही. ६८ चा मॉर्गन फार दुर्मीळ. कोणी सहज पुढे केला तर आधी लेबल तपासा.

आता रंग आणि खूण यांचं नातं. खुणेच्या आत आजूबाजूसारखाच रंग असेल तर ती रंगाआधीची, पिशवीतली आहे. खूण पांढरी आणि चमकती असेल तर ती रंगानंतरची. ती लहान असली तरी फार टोचते, कारण गडद निळ्यावर पांढरी रेघ दुरूनही दिसते. आकडा देताना लांबी-खोलीइतकीच तिची ठळकताही धरा.

रंगाची दाट पट्टी नेमकी गालावर आली असेल तर दुप्पट सावध व्हा. शेजारच्या पांढऱ्या भागात जितक्या खुणा दिसतात, साधारण तितक्याच दाटीने त्या रंगाखालीही असणार असं गृहीत धरून तिरक्या प्रकाशात त्या शोधा. बहुतेक वेळा सापडतात.

घासल्याच्या रेघा हा स्वतंत्र विषय आहे. कापडाने किंवा पावडरने पुसलेल्या नाण्यावर केसासारख्या बारीक, एका दिशेच्या रेघांचा जुडगा असतो. अशा रेघांवर पुढे रंग चढला तरी त्या जात नाहीत. उलट बऱ्याचदा रेघांच्या आत रंग जरा गडद बसतो. पण प्रत्येक समांतर रेघ घासल्याची नसते. ठसा पॉलिश करताना ठशावर पडलेल्या ओरखड्यांच्या प्रतिमा नाण्यावर उठावाच्या रेषा म्हणून येतात. भिंगातून बघा: रेघ पृष्ठभागाच्या वर असेल, फक्त मोकळ्या जागेत असेल आणि अक्षर किंवा चेहऱ्याच्या कडेला येऊन थांबत असेल तर ती ठशाची, निर्दोष. रेघ खोलगट असेल आणि मोकळ्या जागेतून अक्षरावर चढून पलीकडे जात असेल तर नाणं घासलेलं आहे. मग आकडा नाही, फक्त ‘डिटेल्स’ हा दोषी नाण्याचा शेरा, आणि रंग कितीही सुंदर असो, किंमत मोठ्या प्रमाणात घसरते.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाआधी चांदीची नाणी चिंच, रांगोळी किंवा दंतमंजनाने लख्ख करण्याची सवय घरोघरी आहे. संग्रहाच्या नाण्याचं याहून मोठं नुकसान दुसरं नाही, आणि ते भरून येत नाही.

ठसा किती उमटला आहे

यावर थोडक्यात आटपता येतं. कानावरच्या केसांच्या बटा सुट्या दिसतात का, गरुडाच्या छातीवरची पिसं वेगळी दिसतात का, एवढं बघा. सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यात हे अपेक्षितच असतं. न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यात असेल तर आनंद माना. छाती अगदी सपाट असेल तर ६५ मिळणं अवघड होतं. १९२१ चे ठसे नव्याने, कमी उठावाचे बनवले होते, त्यांची तुलना १८८० च्या दशकाशी करू नका.

रंग खरा की चढवलेला

आतापर्यंत एक आकडा कागदावर आला असेल. आता रंगाकडे या.

पहिली परीक्षा क्रमाची. रंगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंगातून प्रवास करा. पांढऱ्याला लागून फिकट सोनेरी, त्याला लागून तांबूस, मग किरमिजी, मग निळा, असं टप्प्याटप्प्याने जायला हवं. पट्टे अरुंद असले तरी मधला टप्पा गाळलेला नसावा. पांढऱ्या चांदीला एकदम गडद निळा किंवा जांभळा भिडला असेल, किंवा फिकट सोनेरीला लागून थेट पाचूसारखा हिरवा असेल, तर संशय घ्या.

दुसरी परीक्षा आकाराची. पिशवीत एक नाणं दुसऱ्यावर अर्धवट झाकून पडलं असेल तर उघड्या भागावर चंद्रकोरीसारखा रंग येतो. कोरीची आतली कड ही वर पडलेल्या दुसऱ्या डॉलरची कड असते, म्हणून तिची वक्रता नाण्याच्या कडेइतकीच असावी. पारदर्शक कागदावर ३८ मिलिमीटरचं वर्तुळ काढून वर ठेवा, लगेच कळतं. कापडाला चिकटलेल्या नाण्यावर विणीची जाळी उमटते, तीही रंगांच्या क्रमातच. पिशवीतल्या नाण्याची बहुधा एकच बाजू रंगते. अल्बममध्ये ठेवलेल्या नाण्यावर कडेपासून आत येणारी वर्तुळं दिसतात आणि मध्य पांढरा राहतो. रंगाचा आकार पाहून तो कशाने आला असेल हे सांगता आलं पाहिजे. कोणतंच उत्तर जुळत नसेल तर तो मोठा वजाबाकीचा मुद्दा.

तिसरी परीक्षा अक्षरांजवळची. ताणलेलं कापड तारे आणि अक्षरांच्या माथ्यावर टेकतं, पण त्यांच्या पायथ्याशी पोचत नाही. म्हणून पिशवीतल्या खऱ्या रंगात अक्षरांच्या कडेला रंग मागे सरतो, तिथे एक फिकट किंवा वेगळ्या रंगाची झालर दिसते. चढवलेल्या रंगात बहुतेक वेळा उलट असतं: द्रव सुकताना अक्षरांच्या कोपऱ्यांत साचतो आणि तिथेच सर्वांत गडद होतो. किंवा रंग अक्षर, मोकळी जागा, चेहरा असा काहीच भेद न करता शाई सांडल्यासारखा पसरतो.

या तिन्हींनंतरच बाकीच्या खुणा: दोन्ही बाजूंना एकसारखाच भडक जांभळा-निळा, थेंबाच्या कडेसारख्या रेषा, रंगाखाली मेलेली झळाळी, नाकाला येणारा गंधकाचा वास. बरंच झिजलेलं नाणं इंद्रधनुष्यी असेल तरीही जपून. वापरातल्या चांदीवर साधारणपणे करडा, खोबणीत काळसर असा रंग बसतो. झळाळी उरलेली नसताना भडक रंग कुठून आला हे विचारलंच पाहिजे. घासलेल्या नाण्याचे ओरखडे लपवायला रंग चढवणं ही जुनी युक्ती आहे, म्हणून घासल्याच्या रेघा आणि संशयास्पद रंग अनेकदा जोडीने सापडतात.

नाण्याला प्रत देऊन स्लॅबमध्ये बंद करणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या प्रत्यक्षात एवढंच ठरवतात की हा रंग बाजारात मान्य होईल का. पीसीजीएस संशयास्पद रंगाच्या नाण्याला आकडा न देता ९१ हा सांकेतिक अंक देते, घासलेल्याला ९२. एनजीसी विशेष देखण्या नाण्याच्या आकड्यापुढे तारा लावते. स्लॅबमधली नाणी पुन्हा तपासणारी सीएसी, नाणं आपल्या आकड्यात भक्कम वाटलं तर हिरवा स्टिकर देते, आकड्यापेक्षा वरचढ वाटलं तर सोनेरी.

दोन आकडे, एक निर्णय

समजा समोर १८८१ चा ‘एस’ डॉलर आहे. डाव्या बाजूला सोनेरीपासून किरमिजी-निळ्यापर्यंत चंद्रकोर, बाकी पांढरा. झळाळी अखंड, ठसा पूर्ण. थेट प्रकाशात गाल स्वच्छ. तिरक्या प्रकाशात गालावर तीन हलक्या खुणा, चेहऱ्यासमोर कोरीच्या आत दोन मिलिमीटरची एक खूण, तिच्यातही रंग. मागची बाजू पांढरी, ६५ च्या तोडीची. पृष्ठभागाचा आकडा ६४. रंग क्रमात आहे, कोरीची वक्रता जुळते, ताऱ्यांभोवती झालर आहे, म्हणजे खरा. कागदावर असं लिहा: ‘पृष्ठभाग ६४, रंग अस्सल आणि उत्तम.’

हे नाणं ६५ च्या स्लॅबमध्ये सापडलं तर आश्चर्य वाटायला नको. सुंदर रंगाला ग्रेडर अर्धा-एक आकडा जादा देतात, हे बाजारात उघड आहे. पण खरेदी करताना किंमत अशी फोडा: पांढऱ्या ६४ चा चालू भाव, आणि त्यावर रंगासाठी तुम्ही द्यायला तयार असलेली जादा रक्कम. ६५ चा भाव अधिक रंगाची जादा रक्कम दिलीत तर एकाच रंगाचे पैसे दोनदा मोजले. उलट दिशेने: तपकिरी, डागाळलेला, गढूळ रंग असेल तर स्वच्छ गालाच्या नाण्यालाही एक आकडा कमी धरा. ऐन गालावर अंगठ्याचा ठसा रंगून उमटला असेल तरीही.

फोटोवरून ठरवायची वेळ आली तर

अमेरिकेतल्या लिलावातून नाणी मागवणाऱ्यांना हातात नाणं मिळतच नाही. फोटोत स्लॅबचं लेबल बघा. त्यातला पांढरा कागद निळसर किंवा पिवळट दिसत असेल तर नाण्याचे रंगही बदललेले आहेत. लाल-निळे जळजळीत असतील तर गडदपणा वाढवला आहे असं समजा. नाणं दिव्याखाली फिरवल्याचा व्हिडिओ मागा. त्यात झळाळीचं चक्र आणि रंग विझण्याचा कोन दोन्ही दिसतात. तो मिळत नसेल तर तुमच्या अंदाजातून एक आकडा कमी करून बोली लावा.

रंग टिकवणं

नाण्यावर हिरवट चिकट थर असेल तर तो पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटाचा आहे आणि तो धातू खात जातो. शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, हवेशीर जागी आणि गॅस-आगीपासून दूर, नाणं काही मिनिटं बुडवा. दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये खळबळून काढा आणि न पुसता आपोआप सुकू द्या. ॲसिटोन सिल्व्हर सल्फाइडचा रंग काढत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. चांदी उजळणाऱ्या द्रावणाची बाटली रंगीत नाण्याच्या आसपासही आणू नका. काही सेकंदांत रंग जातो आणि त्याच्यासोबत थोडी झळाळीही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत रंग पुढे सरकत राहतो, स्लॅबमध्येही, कारण तो हवाबंद नसतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि जूनपासून दर महिन्याला ते तपासून बदला. रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचं कापड आणि साधी पुठ्ठ्याची खोकी या सगळ्यांतून गंधक सुटतं. ती डब्याबाहेरच असू द्या. स्वयंपाकघराला लागून असलेलं कपाटही टाळा. वर्षातून एकदा त्याच दिव्याखाली, त्याच कोनात फोटो काढून मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवा. सोनेरी पट्टा तांबूस होऊ लागला असेल तर डब्यात गंधक किंवा ओल कुठून तरी येत आहे. ते शोधून दूर करा.